थांबा घेणारी गाडी

वऱ्हाडपांडे काकांची मोटार प्रत्येक बसथांब्यावर थांबते. उतरायला कोणी नसतं, चढायला कोणी नसतं, मागे हॉर्नचा नुसता गदारोळ चाललेला असतो. काका मात्र शांतपणे डावा दिवा लावतात, गाडी कडेला घेतात, हँडब्रेक ओढतात आणि थांब्याच्या बाकड्याकडे एकवार नीट बघतात. मग खिडकीतून हात बाहेर काढून दारावर दोन थापा मारतात आणि गाडी सुटते. थापा मारणारे तेच आणि गाडी सोडणारेही तेच. मानसरोवर ते विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र या रस्त्यावरचे असे सगळे थांबे मला पाठ आहेत, कारण दीड वर्ष मी त्या गाडीत मागच्या सीटवर बसून कामावर उशिरा पोचत होतो.

मी सांगलीकडचा. स्वभावाने उतावळा. रस्ता म्हणजे पुढच्याला मागे टाकायची जागा, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. विश्वकर्मात रोड नंबर चौदावर पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून जयपूरला आलो आणि मानसरोवरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. समोरच्या दारावर ‘सुधाकर वऱ्हाडपांडे’ अशी पाटी दिसली, तेव्हा परमुलखात मामा भेटावा तसा आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी काकूंनी पुडाच्या वड्या पाठवल्या आणि माझं बस्तान बसलं.

काका नागपूरचे, सरकारी विमा कंपनीत अधिकारी. त्यांचंही ऑफिस रोड नंबर चौदावरच, फक्त माझ्या कारखान्यापेक्षा अर्ध्या तासाने उशिरा उघडणारं. कॉलनीतले लोक एवढं लांब आडनाव कशाला उच्चारतील? त्यांनी पुढचं वऱ्हाड वाटेला लावलं आणि पांडेजी एवढंच ठेवून घेतलं. इस्त्रीवाला त्यांना बनारसचे समजायचा आणि अधूनमधून गंगेची खुशाली विचारायचा. काका म्हणायचे, “सब बढ़िया.” मी एकदा म्हटलं, “अहो काका, खरं सांगा ना त्याला.” तर म्हणाले, “काऊन? कपडे तर बरोबर येऊन राहिले ना आपले? नावावाचून कोणाचं काही अडत नाही बाप्पा.”

हे वाक्य त्यांच्याच अंगाशी आलं होतं, ते मला नंतर कळलं.

काका वीस वर्षं एकाच बसने ऑफिसला गेले. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची, म्हणजे आठ-दहाची. पहिल्या थांब्यावर चढायचं, शेवटच्या थांब्यावर उतरायचं. सीट ठरलेली, मागून तिसरी, खिडकीची. मधल्या काळात दोनदा बढती आली. बढती म्हणजे बदली. काकांनी दोन्ही वेळा अत्यंत नम्र भाषेत नकार कळवला. काकू अजून ऐकवतात, “यांनी साहेबी सोडली, पण बस नाही सोडली. माझ्यासाठी चहातली साखर सोडा म्हटलं तर ते नाही जमत.”

मग करोना आला आणि बस बंद झाल्या. काही महिन्यांनी सुरू झाल्या, तेव्हा एकाआड एक सीटवर फुल्या मारलेल्या होत्या आणि लोक एकमेकांकडे चोराकडे बघावं तसे बघत होते. कोणी शिंकलं की अर्धी बस पुढच्या थांब्यावर खाली. काकूंनी शपथ घातली. छप्पन्नाव्या वर्षी काकांनी जुनी चंदेरी मोटार घेतली आणि ड्रायव्हिंग क्लास लावला. त्या वर्षी सगळ्या कॉलनीनेच काही ना काही घेतलं म्हणतात. सायकल होती तिथे स्कूटी आली, स्कूटी होती तिथे मोटार आली, मोटार होती तिथे दुसरी आली, आणि ती लावायला जागा नव्हती म्हणून भांडणंही आली.

काकांना गाडी शिकवणारे शेखावतजी अजून भेटले की कपाळाला हात लावतात. काकांना क्लच-गिअर आठवड्यात जमलं, पण रस्ता एकच माहीत होता, तो बसचा. आणि त्या रस्त्यावर बस जिथे थांबते तिथे त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. “पांडेजी, आप कार चला रहे हो, बस नहीं!” असं शेखावतजी महिनाभर ओरडले. काका म्हणाले, “सवारी हो न हो, स्टॉप तो स्टॉप है.” पुढे सोडाल्याजवळून लांबलचक उड्डाणपूल झाला. सगळं जयपूर त्यावरून सुसाट जाऊ लागलं. काका त्यावर कधी चढले नाहीत. “त्याच्यावर थांबे कुठं आहेत?” हा त्यांचा सवाल.

गाडीत बसायचेही नियम होते. पुढची सीट लेडीज. काकू गाडीत नसल्या तरी ती लेडीजच. त्यामुळे मी मागे आणि काका पुढे एकटे. सिग्नलला लोकांना वाटायचं, मी साहेब आणि हे माझे ड्रायव्हर. एकदा स्टेशनच्या थांब्यावर सुटकेस घेतलेल्या एका बाईने खिडकीत वाकून विचारलं, “भैया, चौमू पुलिया जाओगे?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका म्हणाले, “बैठिए. लेडीज़ आगे.” चौमू पुलियाला तिला उतरवलं. ती पर्स उघडायला लागली तर म्हणाले, “रहने दीजिए, स्टाफ की गाड़ी है,” आणि दोन थापा मारून निघाले.

शिवाय खिडक्या. करोनात बसमध्ये खिडक्या उघड्या ठेवायचा नियम निघाला होता. जगाने तो कधीच सोडला, काकांनी मोटारीत धरून ठेवला. “हवा खेळली पाहिजे.” जानेवारीत जयपूरची थंडी माझ्या कानांशी खेळायची. मे महिन्यात लूच्या झळा आत यायच्या, तेव्हा काका डोक्यावर ओला पंचा घेऊन गाडी चालवायचे. मागच्या सवारीसाठी दुसरा पंचा भिजवून आणलेला असायचा. तो मी घ्यायचो. काय करणार?

एकदा माझा धीर सुटला. पानीपेचच्या थांब्यावर आम्ही चांगली चार मिनिटं उभे होतो. बाकड्याखाली झोपलेलं एक कुत्रं सोडलं तर तिथे चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, “काका, तुम्ही नक्की कोणाची वाट बघताय?”

काकांनी समोरच्या काचेवरची उन्हाची झडप खाली केली. तिच्यामागे पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवलेला होता. त्यावर पाच ओळी होत्या: सोडाला, हसनपुरा, स्टेशन मोठा, स्टेशन छोटा, पानीपेच.

“हे काय, थांबे?” मी विचारलं.

“माणसं,” काका म्हणाले.

आठ-दहाच्या बसमधली ही काकांची माणसं. कोणी पंधरा वर्षांच्या ओळखीची, कोणी वीस. त्यांची नावं मात्र काकांना ठाऊक नव्हती. तिथे कोणीच कोणाला नाव विचारलं नव्हतं. जो ज्या थांब्यावर चढेल, तेच त्याचं नाव. काकांना सगळे मानसरोवर म्हणायचे. सोडाला मॅडमच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा सगळ्यांनी मिळून कुकर दिला आणि खोक्यावर ‘आठ-दस की बस’ एवढंच लिहिलं. लॉकडाऊनच्या आधी शेवटच्या दिवशी सगळे “कल मिलते हैं” म्हणून उतरले. फोन करावा तर नंबर नव्हता, पत्ता शोधावा तर नाव नव्हतं.

“मग बस सुरू झाल्यावर तुम्ही गेला नाहीत का?”

“गेलो ना. तुझ्या काकूला न सांगता गेलो एक दिवस. बस तीच, कंडक्टर बी तोच. पण आत एक माणूस ओळखीचा नाही रे. सोडाल्यालाच उतरलो अन् रिक्षा करून परत आलो.” मग झडप वर सारत म्हणाले, “सगळ्यांनी गाड्या घेतल्या असतील आपल्यासारख्या. पण गाडी कधी ना कधी बिघडते. मग माणूस थांब्यावरच येते. त्या दिवशी आपण तिथं असलो पाहिजे.”

या अजब हिशेबाला मी हसलो खरा, पण तो लागू पडला होता. सोडाला मॅडमच्या स्कूटीचं चाक पंक्चर झालं त्या दिवशी त्या थांब्यावर सापडल्या. आता रोज स्कूटीवरून हात करतात. त्यांच्याकडून स्टेशनच्या दोघा भावांचा पत्ता लागला. ते जोधपूरला दुकान घालून बसलेत आणि खुशाल आहेत. हसनपुऱ्याची बातमी तिथल्या चहावाल्याने दिली. ते दुसऱ्या लाटेत गेले. सापडलेल्यांच्या ओळींपुढे काकांनी बरोबरची खूण केली होती, त्यांच्या ओळीपुढे नुसतं पेन टेकवल्याचा एक ठिपका होता. हसनपुऱ्याला काका थांबायचे, पण दारावर थापा मारायचे नाहीत. गाडी आवाज न करता काढायचे.

राहिला एकटा पानीपेच. “तो आहे का नाही, एवढं तरी समजलं पाहिजे ना,” काका म्हणाले.

आणि दिवस थोडे उरले होते. येत्या मार्चअखेर काका निवृत्त होणार होते. काकूंनी नागपूरच्या फ्लॅटला रंग लावून घेतला होता, ट्रकवाल्याशी बोलणंही झालं होतं. एकदा नागपूरला गेल्यावर पानीपेचच्या थांब्यावर कोण उभं राहणार?

मग मीही शोधाला लागलो. वर्णन असं: वय पंचावन्नच्या आसपास, राखाडी सफारी, स्टीलचा डबा, त्याला लाल रबर, बोलणं कमी. रोड नंबर चौदाला उतरून डावीकडे वळतो. डावीकडे कारखान्यांची ही भलीमोठी रांग. जेवणाच्या सुट्टीत मी एकेक फाटक घेतलं.

“किससे मिलना है?”

“नाम नहीं मालूम.”

“काम क्या है?”

“काम कुछ नहीं है.”

“वो आपको जानते हैं?”

“नहीं. मैं भी उनको नहीं जानता.”

एका पहारेकऱ्याने मला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि हळूच घरच्यांचा फोन नंबर विचारला.

मी काकूंना म्हटलं, “एवढं काय बोलायचे हो काका त्या माणसाशी?” काकू म्हणाल्या, “मी तरी काय सांगू? विचारलं तर म्हणतात, काहीच नाही बोलत आम्ही. तेहतीस वर्षं माझ्याशी तरी कुठं बोलून राहिले, पण मी दोन तास भाजीला गेली तर मला नाही शोधत कोणी!”

मार्चचा शेवटचा आठवडा उजाडला. त्या सोमवारी काकांनी पानीपेचला नेहमीप्रमाणे डावा दिवा लावला आणि गाडी थांब्याशी उभी केली. मागच्या स्कूटरवाल्याने दिवा पाहिला असेल, पण त्या जागी मोटार खरोखरच थांबेल असं त्याला काय, कोणालाही वाटलं नसतं. धप्प आवाज झाला. आमचा बंपर चेपला. स्कूटरवाला कसाबसा पाय टेकून उभा राहिला, त्याची हुकला लावलेली पिशवी रस्त्यावर पडली. डोक्यावर हेल्मेट, खाली मास्क, मधे काळा चष्मा.

“यहाँ कौन रुकता है? बस हो क्या आप?” तो आतूनच ओरडला. “चार साल से देख रहा हूँ, रोज़ का तमाशा है आपका!”

काका बाह्या सारत उतरले. “ये बस स्टॉप है भाईसाब, और मैंने इंडिकेटर...” आणि मधेच गप्प झाले. पिशवीतून स्टीलचा डबा घरंगळत त्यांच्या पायाशी आला होता. त्याला लाल रबर होतं.

स्कूटरवाल्याने चष्मा काढला. हेल्मेट काढलं. मास्क हनुवटीखाली ओढला.

“मानसरोवर?” तो म्हणाला.

“पानीपेच!” काका ओरडले. “अरे पानीपेच!”

भर रस्त्यात दोघांनी मिठी मारली. मागे वाहनांची रांग लागली. शिट्टी फुंकत वाहतूक पोलीस आला, तर एक म्हातारा मानसरोवर म्हणून रडतोय आणि दुसरा पानीपेच म्हणून. पोलिसाने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “इनको समझा दो भाई, मानसरोवर की बस सामने वाली साइड से मिलेगी.”

बंपरचं काय करायचं हे कोणाच्याही डोक्यात नव्हतं. दोघे थांब्याच्या बाकड्यावर बसले. चार वर्षं तो माणूस त्याच रस्त्याने, जवळजवळ त्याच वेळी, आमच्या मागूनपुढून स्कूटर हाकत होता आणि आत कोण आहे ते न बघताच आमच्या गाडीला शिव्या घालत होता. आजारपणाच्या भीतीने मुलाने स्कूटर घेऊन दिली होती.

“अच्छी चलती है?” काकांनी विचारलं.

पानीपेच स्कूटरकडे बघत म्हणाले, “चलती तो है. पर स्कूटर पे नींद नहीं आती.”

मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. उठता उठता एवढंच म्हणाले, “कल यहीं खड़े रहना. स्कूटर मत लाना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी किल्ली माझ्या हातात दिली. “आज तू चालव.” आणि स्वतः मागे, खिडकीशी बसले. थांब्यावर पानीपेच डबा घेऊन उभेच होते. शेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता चार वर्षांच्या गप्पा सुरू होतील. मी आरसा नीट केला, कान टवकारले.

“ठीक?”

“ठीक.”

एवढंच. दोघे आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसले. चौमू पुलिया गेला. आरशात बघितलं तर पानीपेचांची मान एकदा झुकली, सावरली, पुन्हा झुकली आणि काकांच्या खांद्यावर टेकली. काकांनी खांदा किंचित खाली केला आणि तसेच बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी गाडी जन्मात चालवली नसेल इतकी हळू चालवायला लागलो.

“रात्री झोप नाही लागत त्याला,” काका अगदी दबल्या आवाजात म्हणाले. “बायको गेली तेव्हापासून. हे एकदाच बोलला होता, बारा-तेरा वर्षं झाली. मग आम्हाला बोलायचं काम नाही पडलं. चढला की माझ्या बाजूला बसायचा अन् चौदा नंबर जवळ येईपर्यंत झोपायचा. दिवसभराची तेवढीच झोप.” मग त्यांनी पानीपेचांच्या मांडीवरून घसरणारा डबा सावरला. “चार वर्षं मी तोच विचार करून राहिलो रे, हा आता झोपते कुठं?”

मी पुढचा खड्डा चुकवून गाडी काढली.

“अन् खरं सांगू? मलाही करमत नव्हतं. एवढ्या गर्दीत कोणी आपल्या भरवशावर डोळे मिटते, हे काय लहान गोष्ट आहे का बाप्पा?”

रोड नंबर चौदा आला. काकांनी मला गाडी बंद करायची खूण केली. आम्ही तसेच बसून राहिलो. कारखान्यांचे भोंगे झाले, माझी हजेरी चुकली, इतक्या वर्षांत कधी उशीर न झालेल्या काकांना त्या दिवशी लेट मार्क लागला. पानीपेच पाऊण तासाने जागे झाले, डबा घेतला आणि “चलूँ” म्हणून डावीकडे वळले.

असे मोजून चार दिवस मिळाले. मग ऑफिसात शाल-नारळ झाला, ट्रक आला, चंदेरी गाडी नागपूरला निघाली. निघायच्या सकाळी काकांनी मला जिन्यात गाठलं. मला वाटलं आशीर्वाद देतील. ते म्हणाले, “तुझा खांदा उंच आहे. जरा घसरून बसत जा, त्याची मान अवघडते. ब्रेक लागला की हात आडवा धरायचा. बसमध्ये तो रोड नंबर बाराला आपोआप जागा होते, आधी उठवायचा नाही.”

खरं तर त्या महिन्यात मी मोटारसायकल घेणार होतो. आता मी आठ-दहाच्या बसने जातो. बस पुन्हा भरायला लागली आहे. काही सीटवर त्या जुन्या फुल्या पुसट दिसतात, लोक त्यांच्यावर बसतात. पानीपेचांनी स्कूटर मुलाला देऊन टाकली. ते चढतात, माझ्या शेजारी बसतात, “ठीक?” विचारतात. मी “ठीक” म्हणतो.

मधे काकूंशी फोनवर बोललो. म्हणाल्या, “काय सांगू तुला, अजून आठ वाजता इस्त्रीचे कपडे घालून तयार होऊन बसतात. कुठं जायचं नसते. नुसते घड्याळाकडे पाहून राहतात.”

कशासाठी ते मला ठाऊक आहे. रोज सकाळी नऊच्या सुमाराला, बस चौमू पुलियाच्या पुढे गेली की माझ्या खिशातला फोन थरथरतो. मी डावा खांदा न हलवता उजव्या हाताने तो कानाला लावतो.

“झोपला?” काका विचारतात.

“हो,” मी कुजबुजतो.

“मग ठेव. बोलू नको.”